कौसाच्या घटातली माती

तरवडाची फुलं ओंजळीत घेऊन मी अंगणात उभी होते, आणि भिंतीपलीकडून कौसाच्या थोरल्या सुनेची, भगवानच्या बायकोची हाक आली. "मावशी, जल्दी या... आत्याबाई उठूनच न्हाई राह्यल्या." हाकेतच सगळं कळलं. तरी माणूस वेडं असतं. मी फुलं नीट परडीत ठेवली, चप्पल शोधली, पदर सावरला आणि मग गेले, जणू थोडा उशीर केला तर आत गेल्यावर कौसा उठून बसलेली असेल आणि म्हणेल, "काय गं सुमे, सकाळच्या पारी काय कल्ला लावलास?" ती उठली नाही. देवघराच्या दाराशी चटईवर कुशीला वळून झोपलेली होती, नवरात्रात रोज झोपायची तशीच. आत पाटावर घट, त्याच्यावर पाच माळा, समई जळत होती. सहावी माळ तिनं आदल्या संध्याकाळीच ओवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आगाऊ काम करून ठेवायची तिला भारी हौस.

कौसा माझी गावबहीण. आम्ही दोघी आष्टीच्या. तिथल्या बाजारात आमच्या आयांची भाजीची पथारी शेजारीशेजारी असायची आणि आम्ही दोघी मधल्या पोत्यावर बसून बोरं खायचो. पुढं मी शिकले, मास्तरीण झाले. ती सातवीनंतर घरी बसली. पण नशीब बघा, दोघींची लग्नं अंबडकडच्या या एकाच गावात झाली, आणि घरंही अशी मिळाली की मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिचं सगळं आयुष्य रानात. सणावाराला मात्र आम्ही एकमेकींच्या चुलीपाशी. भांडणंही भरपूर केली. ती मला "पुस्तकी" म्हणायची, मी तिला "हेकट" म्हणायची, आणि दोघींचंही बरोबर होतं.

आमच्याकडं घटाचा थाट मोठा. पेठेत आता तयार मातीच्या पिशव्या मिळतात, धान्याच्या पुड्या मिळतात. कौसाला त्याचा भयंकर राग यायचा. "इकत आणलेल्या मातीला काय कळतंय, आपल्या रानात काय येणार हाय ते?" खरं तर घट म्हणजे दुसरं काय? खरिपाची रास घरात यायला लागलेली असते, रब्बीची पेरणी दारात उभी असते, अशा मधल्या दिवसांत आपल्या रानाची मूठभर माती घरात आणायची, त्यात घरचं बी टाकायचं आणि नऊ दिवस बघत बसायचं. कोणतं बी जोमानं येतं, कोणतं मागं राहतं. देवीच्या नावानं शेतकऱ्यानं केलेली ही बियाण्याची पारखच म्हणायची. आधी देवी आली की आधी पारख आली, ते मला माहीत नाही. वर्गात मुलांना मी हे समजावून सांगायची, तेव्हा कौसा म्हणायची, "सांग बाई सांग, पण देवीसमोर जास्त शहाणपणा नको करूस." ज्वारी, गहू, हरभरा तर ती टाकायचीच, पण जवस आणि करडईही टाकायची. मी एकदा विचारलं, अगं, गावात आता जवस पेरतो कोण? तर म्हणाली, "पेरत न्हाई कुणी म्हणून घरातून बी हाकलून द्यायची का तिला?"

तिचा मालक गेला त्या वर्षी भावकीतल्या आप्पांनी सुचवून बघितलं, की आता घटाला सुनेचा हात लागावा. आप्पा म्हणजे तिचे चुलत दीर, मालकामागं भावकीत सगळ्यांत वडील माणूस. कौसानं त्यांच्यासमोरच टोपली उचलली आणि म्हणाली, "नारळ भगवान ठिवंल, आरती सून म्हणंल. माती मी आणणार. इतकी वर्सं देवी माझ्या मालकाकडं बघून बसत व्हती का?" तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती कुणाची.

तिचे दोन मुलगे. थोरला भगवान, धाकटा दत्ता. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, तरी घट एकच राहिला, कौसाच्या देवघरात. त्या वर्षापासून ती दोन्ही रानांतली माती आणायची, दोन टोपल्या, आणि अंगणात पाट मांडून दोन्ही एकत्र चाळायची. चाळताना कुणाला बोलू द्यायची नाही. दसऱ्याच्या दिवशी घट उठला की दोघं पोरं टोपीत धान खोवून शिलंगणाला जायची, एकाच घटातलं धान. येताना आपट्याची पानं आणि बाजरीचं कणीस आणायची. आता सोयाबीनची कापणी नेमकी दसऱ्यातच येते, मळणीयंत्राच्या धुरळ्यात शिलंगणाला जायला वेळ कुणाला? पण तिची पोरं जायची. न जाऊन सांगतात कुणाला!

यंदा मात्र नवरात्राच्या तोंडावर पावसानं घात केला. नदीनं पात्र सोडलं. दत्ताचं रान वरच्या अंगाला, नदीच्या अगदी काठावर. पाणी ओसरल्यावर बघितलं तर रानात माती म्हणून राहिली नव्हती. दगडगोटे आणि मुरूम. पायाखाली खडखड वाजायचं. आणि खालच्या अंगाला भगवानचं रान, त्यात गुडघाभर गाळ येऊन बसला, काळाभोर, लोण्यासारखा. त्याच्याखाली भगवानचं उभं सोयाबीन गाडलं गेलं. म्हणजे एकाची माती गेली, दुसऱ्याचं पीक गेलं, आणि एकाची माती दुसऱ्याच्या पिकावर जाऊन बसली... आता यात दोष कुणाचा? नदीचा. पण नदीशी कुणाला भांडता येतं? मग भाऊ भावाशी भांडला.

दत्ता म्हणाला, "माती माझी हाय, मी ट्रॉलीनं भरून वर न्हेतो." भगवान म्हणाला, "माझं सोयाबीन गाडून पडलंय, त्याचं काय? आन आता रान उकरून माती बी न्यायची? बिलकुल हात लावायचा न्हाई." दत्ता चिडून म्हणाला, मग माझ्या रानात मी दगड पेरू का? भगवान म्हणाला, पेर. बोलणं बंद झालं. दत्तानं जालन्याला कारखान्यात कामाची चौकशी केली, बायकापोरांना घेऊन जायचं ठरवूनही टाकलं. दसरा झाला की निघणार होता. कौसाची झोप उडाली. मला म्हणायची, "सुमे, एकदा गेला की तो माघारी येत न्हाई बघ. रान पडीक पडलं की माणूस बी सुटतं." मी म्हटलं, सांग ना मग भगवानला. तर म्हणाली, "सांगून ऐकायचं वय ऱ्हायलं का त्याचं?"

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही दोघी माती आणायला गेलो. ऊन नुकतं वर आलं होतं. आधी दत्ताच्या रानात गेलो. कौसा वाकली, मुठीत मुरूम घेतला, बघत राहिली, आणि तसाच खाली सोडला. तिच्या डोळ्याला मी आयुष्यात दोनचारदाच पाणी बघितलंय, त्यातलं ते एक. मग पदरानं तोंड पुसलं, "चल" म्हणाली, आणि सरळ खाली भगवानच्या रानात उतरली. बांधाकडची जुनी माती तिनं घेतलीच नाही. गाळावर बसली आणि वरचा थर खुरप्यानं काढून टोपलीत भरायला लागली. मी म्हटलं, "कौसे, अगं ही तर भगवानच्या रानातली झाली." ती म्हणाली, "जागा भगवानची. माती दत्ताची. यंदा दोघांची एकाच जागी हाय, मला दोन टोपल्यांचा ताप न्हाई." आणि हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाई. दसऱ्याला घट उठला की मी सांगणार, दोघांसमोर. आत्ता सांगितलं तर मातीवरून भांडतील. उगवून आलेलं हिरवं धान समोर बघून काय भांडतील ते बघू." घरी आल्यावर भगवाननं विचारलं, माती कुठून आणली आई? तिनं सांगितलं, "तुझ्याच रानातून." खोटं काहीच बोलली नाही.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या पाच दिवसांत मला किती त्रास झाला ते मलाच माहीत. कौसा मात्र निवांत. रोज सकाळी न्हाऊन पाणी शिंपडायची, माळ चढवायची, आणि वाकून कोंबांकडं अशी बघत बसायची की मला हसू यायचं. धान जोरदार उगवलं होतं. पाचव्या माळेला संध्याकाळी मला भिंतीवरून ओरडून म्हणाली, "सुमे, जवस बी वर आली गं!" तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

आणि सहाव्या माळेच्या सकाळी ती अशी चटईवर पडलेली. डॉक्टर येऊन गेले. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. माणसं जमायला लागली. दत्ता भिंतीला डोकं टेकून बसला होता, भगवान दुसऱ्या टोकाला. त्या वेळीसुद्धा दोघांत एक खांब. मग आप्पा देवघरात डोकावले आणि म्हणाले, "सुतक लागलं. आता घट ठेवता येत न्हाई. पाण्यात सोडून द्या." भगवाननं मान हलवली. त्याचंही चुकलं नाही, रीत तशीच आहे. पण हा घट गेला तर कौसाच्या मनात जे होतं ते सगळं पाण्यात गेलं. दत्ता जालन्याला गेला, रान गेलं, आणि दोघा भावांचं तोंड पुन्हा एकमेकांकडं होणार नाही. मी रडत होते, तशीच उठले. म्हटलं, "आप्पा, सुतक तुमच्या भावकीला. मला कुठं सुतक आहे?"

आप्पा माझ्याकडं वळले. "दुसऱ्याच्या घरचा घट तुम्ही न्हेणार बाई? तुमचा बी घट बसलेला आसंल की घरी."

"बसलाय. त्याच्या शेजारी बसेल हा. माझ्या घरी जागा कमी आहे का?"

"बराबर हाय का पण ते?"

"देवी माझ्या घरी उपाशी राहील असं वाटतं का तुम्हाला?" माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरची बाजेवरची माणसं आत वाकून बघायला लागली. आप्पा म्हणाले, "न्हेता तर न्हेवा मंग. कौसावैनींची तुमच्यावर माया व्हती." वैनी हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की माझा राग तिथंच विरला. त्यांनाही रडायचं होतं, जमत नव्हतं.

मी घट उचलला, पत्रावळीसकट, मातीसकट. ओली माती जड असते. बाहेर यायचं तर कौसाच्या शेजारूनच यावं लागत होतं. तिला तोवर ओसरीत घेतलं होतं, पांढऱ्या चादरीवर. मी तिच्या उशाशी थांबले. घट हातात, वाकताही येईना. मनात म्हटलं, कौसे, तूच सांगणार होतीस ना गं... आता मी काय सांगू, कसं सांगू? मग भगवानच्या बायकोनं मला दाराबाहेर काढलं आणि मी घट घेऊन माझ्या घरी आले. तिनं ओवलेली सहावी माळ मी माझ्या हातानं चढवली. सातव्या माळेला कडाकण्या केल्या, तिच्या वाटच्याही केल्या, गूळ जास्त घालून, तिला लागायच्या तशा.

दसऱ्याला गाव शिलंगणाला गेलं. सुतकाच्या घरी सोनं द्यायला कुणी जात नाही. मी आपट्याचं पान न घेता नुसतीच जाऊन बसले. दत्ता होता, भगवान होता, आणि बाहेर रस्त्यावरून पोरं "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" करत पळत होती. तो आवाज आत येत होता आणि ते दोघं जमिनीकडं बघत बसले होते. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण अशा घरात, अशा दिवशी मातीची गोष्ट काढायची कशी? गिळलं मी. घट उठवण्यापुरती दोन धानं खुडून देवीला वाहिली आणि बाकीचं तसंच मातीत उभं राहू दिलं.

दशक्रिया नदीवर झाली, दत्ताच्या रानाला लागून. आजूबाजूला नुसता मुरूम, दुसऱ्या काठाला पुरानं आडवी केलेली बाभळ. पिंड ठेवला आणि मला वाटलं, आता कावळा अडून बसेल. भाऊ भाऊ काहीतरी बोलतील, एकमेकांना शब्द देतील, मग शिवेल. असंच तर होतं ना सगळीकडं! कुठलं काय, आम्ही मागं सरतोय तोवर कावळा आलासुद्धा. एक घास घेऊन गेला. सगळे म्हणाले, चला, इच्छा काही राहिली नाही. मी मनात चडफडले. बये, मेल्यावर तरी जरा ताटकळत ठेवायचं होतंस! जिवंतपणी हेकटपणा केलास तो कुठं गेला? कुणी कुणाला शब्द दिला नाही, माणसं हात धुवायला लागली, आणि दत्ता घड्याळाकडं बघत होता. त्याला दुसऱ्या दिवशी जालन्याला खोली बघायला जायचं होतं.

मी घरून घट आणला होता, साडीच्या जुन्या धडप्यात झाकून. धान वीतभर वाढलेलं, पिवळसर हिरवं, दाट. मी म्हटलं, "ही माती रानात टाकायची आहे. कुठं टाकू?" भगवान जवळ आला. त्यानं धडपा बाजूला केला आणि त्याचा चेहराच बदलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं. धानावरून हात फिरवत म्हणाला, "कसं तरारून आलंय बघा आप्पा... आई म्हन्ली व्हती, माझ्याच रानातली माती हाय. आमच्या रानाची ताकदच तशी."

दत्तानं तोंड फिरवलं.

मग मला राहवलं नाही. खरं सांगते, मी ठरवून काही बोलले नाही, तोंडातून निघून गेलं. "तुझ्या रानातली आहे भगवान, पण तुझी नाही. तुझ्या आईनं बांधाकडची माती उचललीच नाही. वरचा गाळ उचलला, माझ्या समोर. दत्ताची माती आहे ही. दसऱ्याला ती स्वतः सांगणार होती तुम्हाला."

भगवानचा हात धानावरच राहिला. आप्पांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मंग तर अवघडच झालं. इतकी जोरकस माती आसंल तर कोण माघारी देईल?" म्हातारा खरं तेच बोलत होता! मीच धान दाखवून मातीची किंमत वाढवून ठेवली होती, आणि कौसानंही तेच केलं असतं. तिला हे सुचलं नव्हतं का? की सुचूनही तिचा आपल्या लेकावर भरवसा होता?

भगवाननं माझ्या हातातून घट घेतला. दत्ताच्या रानाकडं चालायला लागला, मुरुमावरून, खडखड वाजवत, डोकं नुकतंच भादरलेलं, अंगानं उघडा, खांद्यावर ओलं उपरणं. रानाच्या मधोमध गेला, खाली बसला, हातानंच गोटे बाजूला सारले आणि घटातली माती धानासकट तिथं ठेवली. मग दोन्ही हातांनी भोवतीनं दाबली. एवढ्या मोठ्या उघड्या रानात तेवढीच काळी जागा. तिथूनच ओरडला, "दत्ता! उद्या ट्रॉली आण. गाळ उचलू."

दत्ता जागेवरच उभा होता. मग म्हणाला, "सगळा नको दादा. आर्धा ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. तुझं सोयाबीन गेलंय."

"आर्धा कशाला?"

"ऱ्हाऊ दे म्हन्लं ना!"

लगेच भांडायला लागले. पण ते भांडण ऐकून मी नदीकाठी बसून ढसाढसा रडले. आप्पाही रडले, शेवटी एकदाचे. पोरं परत बोलायला लागली, आणि ऐकायला तिनं नसावं, याचा मला इतका राग आला, की काय सांगू. अजून येतो.

दत्ता जालन्याला गेला नाही. खोली बघायला म्हणून निघाला होता तो ट्रॉली ठरवून आला. सगळं रान काही भरून निघालेलं नाही, इतकी माती एका हंगामात कुठून यायची? पण वरचा एक तुकडा तयार झाला आहे, त्यात ज्वारी उशिरा का होईना पडली. कौसाच्या घरी वर्षभर सण नाही, दिवाळीला दारात पणतीसुद्धा लागली नाही. तरी मी रोज संध्याकाळी जाते. तिची चटई अजून देवघराच्या दाराशी गुंडाळून ठेवलेली आहे, सुनांनी ती उचलली नाही, मीही उचला म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात अशीच तिच्या ओसरीत बसले होते, तर दोघं भाऊ रानातून आले. दिवसभर गाळ ओढून पोटरीपर्यंत चिखल. बोलत बोलत तसेच आत घुसले आणि सारवलेल्या जमिनीवर पावलं उमटत गेली, थेट देवघरापर्यंत. मग एकदम थांबले. दोघंही. सुना चुलीपाशी थबकल्या. खाली वाकून पावलांकडं बघत सगळे उभे, कुणी बोलेना, हलेना. मला कळलं ते कशाची वाट बघत होते. इतकी वर्षं या घरात चिखलाचा पाय आत आला की दुसऱ्या क्षणाला एक आवाज यायचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. आता तो यायचा नव्हता.

मग मीच ओरडले. "मेल्यांनो, पाय कोण धुणार? सारवलेलं दिसंना का? भायेर व्हा आधी!"

तिच्याच बोलीत ओरडले, शाळेतल्या बाईच्या नाही. दोघं मुकाट्यानं बाहेर गेले. दत्तानं बादली उचलली आणि आधी भगवानच्या पायावर पाणी ओतलं.